ओल्या की सुक्या

दोन वर्षं ज्या पावसासाठी कूलारा गावच्या माणसांनी आभाळाकडे बघून बघून माना अवघडून घेतल्या, तो नेमका मेंढ्यांच्या कातरणीच्या आठवड्यात आला. ऑगस्टमध्ये तो कधी येत नाही, यंदा आला. लोकरीच्या शेडमध्ये त्याच्याबद्दल चांगलं बोलायची सोय नव्हती आणि वाईट बोलायला कुणाची जीभ रेटत नव्हती. मेंढ्यांचा मालक डुगल हॅरोवे तर पत्र्यावर सर वाजली की आधी हसायचा, मग मेंढ्या आठवल्या की शिव्या द्यायचा, आणि हे एकाच दमात चालायचं.

मंगळवारी सकाळी साडेसातला पाचही कातरणारे फळ्यांच्या जमिनीवर आपापल्या जागी उभे राहिले. लोकरीत ओल असल्याचा संशय आला की करायचं काय, याची रीत ठरलेली. आधी प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरायच्या. मग कागदाच्या कपट्यावर ‘ओल्या’ किंवा ‘सुक्या’ लिहून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. जास्त मतं ज्या बाजूला, त्याप्रमाणे काम चालू नाहीतर बंद. ओल्या लोकरीत दिवसभर हात घातले की अंगावर गळवं उठतात, बोटांचे सांधे धरतात, म्हणून मत फक्त कातरणाऱ्याचं. लोकर उचलणाऱ्याला मत नाही, स्वयंपाकिणीला नाही, आणि मालकाला तर नाहीच नाही.

डुगल मत पडताना शेडमध्ये थांबतसुद्धा नसे. बाहेर लाकडी फाटकापाशी जाऊन, शेडकडे पाठ करून उभा राही. मालकाची नजर पडली की लिहिणाऱ्याचा हात बदलतो, असं त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. आजूबाजूचे मालक नुसते चार पावलं लांब जाऊन सिगारेट ओढत. डुगल साफ पाठ फिरवायचा, आणि त्यावरून त्याची थट्टाही व्हायची. आत डबा वाजला की तो न वळता विचारायचा, “काय निघालं?” सुक्या निघाल्या तर म्हणायचा, “मग लागा कामाला.” ओल्या निघाल्या तर म्हणायचा, “मग चहा टाका.” दोन्ही एकाच आवाजात. त्याला काय हवं होतं हे त्याच्या तोंडावरून कुणाला सांगता आलं नसतं.

“तीन सुक्या, दोन ओल्या,” क्लॉडने चिठ्ठ्या मोजून सांगितलं. क्लॉड अडुसष्ट वर्षांचा, कमरेत कायमचा वाकलेला, पाचांचा म्होरक्या.

“मग लागा कामाला,” फाटकातून आवाज आला.

यंत्रं घरघरायला लागली. मेरिनने झाडू भिंतीला टेकवला आणि पहिल्या लोकरीकडे धावली. मेरिन ही डुगलची एकुलती एक मुलगी. वय एकोणीस, उंच, उजवा हात कोपराखाली डाव्यापेक्षा चांगला बोटभर जाड. मेंढीच्या अंगावरून लोकर अख्खी एका तुकड्यात उतरते, ती मागच्या पायांकडून गोळा करून उचलायची, पळत न्यायची आणि फळ्यांच्या टेबलावर अशी फेकायची की ती हवेत उलगडून पसरली पाहिजे. मेरिन फेकायची तेव्हा कडेची सुरकुतीसुद्धा सरळ करायला लागत नसे. मग परत झाडू, परत लोकर. दुपारपर्यंत मांड्या भरून यायच्या आणि हात लोकरीच्या तेलाने कोपरापर्यंत मऊ आणि चिकट व्हायचे.

“काय गं महाराणी,” बार्नी मेंढीला गुडघ्यात धरून ओरडला. बार्नी पाचांत तरुण आणि तोंडाने सगळ्यांत मोठा. “शुक्रवारी उत्तर द्यायचंय ना? गेलीस तर माझी लोकर कोण उचलणार? ती ब्रिस्बेनची बाई येणार का झाडू घेऊन?”

“तू आधी कातर तर खरा. तुझी लोकर उचलायला माणूस नको, सुपली पुरे,” मेरिन म्हणाली.

पलीकडचे तिघे मुन्‍रो भाऊ हसले. तिघे भाऊ मिळून दिवसाला एवढंच करत.

ब्रिस्बेनच्या बाईचं प्रकरण तीन आठवड्यांपूर्वीचं. मेरिन चौदाव्या वर्षापासून कूलाराच्या शनिवारच्या टेनिसमध्ये खेळत होती आणि गेली चार वर्षं तिला कुणी हरवलं नव्हतं. जुलैच्या शेवटी ती पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेला ब्रिस्बेनला गेली, बसने पंधरा तास. मांडीवर आईने दिलेलं ताट, त्यात भोपळ्याचे चोवीस स्कोन, म्हणजे छोटे गोल पाव, पंच्यात बांधलेले. कूलाराला खेळायला येणारी प्रत्येक जण ताटभर काहीतरी घेऊन येते. रिकाम्या हाताने आलीस तरी खेळू देतात, पण पुढे वर्षभर ऐकवतात. तेव्हा मेरिन नाव नोंदवायच्या टेबलापाशी गेली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, “ताट कुठे ठेवू?” टेबलावरच्या माणसाला वाटलं ही उपाहारगृहाची पोरगी. त्याने बोट दाखवलं. उपाहारगृहवाल्याने ताट घेतलं, स्कोन काचेच्या कपाटात लावले आणि विकायला काढले. दुपारी भूक लागल्यावर मेरिनने आपल्याच आईचे दोन स्कोन पैसे मोजून घेतले. भांडायचं तिला सुचलंच नाही, आणि वर लोणी मागायची लाज वाटली.

त्या स्पर्धेत ती तीन सामने जिंकली आणि चौथ्यात जिंकायला एक गुण हवा असताना समोरचीचा चेंडू मागच्या रेषेजवळ पडला. मेरिन चालत तिथे गेली, गुडघ्यावर बसली आणि खूण शोधायला लागली. कूलाराची कोर्टं वारुळाच्या मातीची. वारुळं फोडून, कुटून, पाणी मारून, रोलरने दाबलेली लाल जमीन. चेंडू पडला की खूण उमटते. शंका आली तर जाऊन बघायचं, आणि खूण सापडली नाही तर गुण समोरचीचा. ही कूलाराची रीत. ब्रिस्बेनची जमीन सिमेंटासारखी कडक आणि निळी. तिच्यावर बैल उधळला तरी खूण उमटली नसती. मेरिनने इकडून बघितलं, तिकडून बघितलं, उठली आणि म्हणाली, “तुझा.” चेंडू वीतभर बाहेर होता. समोरचीसुद्धा क्षणभर चकित होऊन बघत राहिली, मग तिने गुण घेतला, आणि पुढच्या पंधरा मिनिटांत सामनाही घेतला.

बाहेर पन्नाशीची एक बाई उभी होती. इंगा हॉल्स्टेड. स्वतः नऊ वर्षं देशोदेशी खेळत बॅगेतून जगलेली, आता मुलींना शिकवायची.

“तिथं खाली वाकून काय शोधत होतीस?” तिने विचारलं.

“खूण.”

इंगाबाई इतकी हसली की तिला बाकावर बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, “माझ्याकडे ये. दोन वर्षं माझ्या घरी राहा. सप्टेंबरपासून वर्षातले तीस आठवडे गावोगाव खेळायचं. गोड काही सांगत नाही. दर आठवड्याला बत्तीस जणी उतरतात आणि एकतीस हरून सामान बांधतात. त्या एकतीसांत तू बऱ्याचदा असशील. हरून सोमवारी पुन्हा उठता येईल का, एवढा विचार कर. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला पाहिजे. नाही आला तर जागा दुसरीला देईन.”

तेव्हापासून मेरिन विचारच करत होती, आणि विचार केल्याने काही होत नव्हतं. तिला टेनिस आवडत होतं की शनिवार आवडत होता, हेच तिला कळेना. शनिवारी धूळ उडवत गाड्या यायच्या, किटली शिटी घालायची, पोस्टातली ग्लेनिस साठाव्या वर्षी अर्ध्या चड्डीत खेळायची, शाळेतली रोवेना चेंडू मारताना पोरांची नावं घ्यायची. बायकांच्या संघात बरोबर चौघी होत्या. चारच्या तीन झाल्या की कूलाराचं नाव शनिवारच्या संघांच्या यादीतून जाणार, आणि नाव गेलं की गावच्या कोर्टावर रोलर फिरवायला कोण येणार? हे सगळं एका पोरीच्या जाण्याने बंद पडायचं, याने तिचा जीव कासावीस होत होता.

आणि बाबा तर बोलतच नव्हता. घरामागचं कोर्ट डुगलने स्वतः केलं होतं. मेरिन सात वर्षांची असताना दोन हिवाळे तो पहारीने वारुळं फोडत होता. अजूनही दर शुक्रवारी संध्याकाळी रोलर तोच ओढायचा. पण इंगाबाईची गोष्ट ऐकल्यापासून तीन आठवडे त्याने त्या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. बोकडाचा पाय, गाडीचं टायर, पाऊस, सगळ्यावर बोलायचा. त्यावर नाही.

बुधवारी मेंढ्या सुक्या निघाल्या. दहाच्या चहाला मेरिनची आई नोरीन हिने शेडमध्ये मोठी किटली आणि स्कोनचं ताट आणलं. कातरणीत पाच माणसांना दिवसातून पाच वेळा खायला घालणं हे नोरीनचं काम, आणि ती ते हातातला झारा हलवत, सगळ्यांना दटावत करायची. ती ताट ठेवून गेली तसा बार्नीने बिस्किटाचा डबा पुढे ओढला.

“घेऊ या मत. ‘जाऊ दे’ की ‘राहू दे’. काय तो एकदा निकाल लावू, म्हणजे ही धडपणे झाडू तरी मारेल.”

“काहीतरीच काय रे,” मेरिन म्हणाली. पण तिने डबा मागे ओढला नाही. कुणीतरी ठरवून टाकावं असं तिला खरोखरच वाटत होतं.

चिठ्ठ्या पडल्या. तेवढ्यात डुगल तेलाची कॅन घेऊन दारात आला. त्याने डबा बघितला, डब्याभोवतीची माणसं बघितली, मेरिनचं तोंड बघितलं, आणि आल्यापावली परत गेला. कॅन उंबऱ्यावरच राहिली.

बघ, मेरिनच्या मनात आलं. विषयसुद्धा नकोय त्याला.

क्लॉडने चष्मा लावला. “‘जाऊ दे’ तीन. तिन्ही एकाच हस्ताक्षरात.” मुन्‍रो भावांतल्या धाकट्या दोघांनी थोरल्याकडे बघितलं. “एक ‘राहू दे’, त्याच्यावर स्पेलिंगची चूक आहे, म्हणजे बार्नी. आणि एकीवर लिहिलंय, ‘आणखी एक स्कोन’.”

“ती कुणाची?”

“माझी,” क्लॉड म्हणाला आणि त्याने स्कोन घेतला. मग सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून चुलीत टाकल्या. “मत रद्द.”

“का म्हणून? तीनला एक झालं की!” बार्नीने नाराजी दाखवली, खरं तर हरला होता तो.

“आधी दोन मेंढ्या कातरायच्या, मग मत. तुमच्यापैकी कुणी धरलंय का रॅकेट हातात?”

“मी एकदा रॅकेटने साप मारलाय.”

“साप हिशेबात धरत नाहीत. ज्याच्या हाताला ओल लागते त्यालाच मत. इथं तसं माणूस एकच आहे, आणि त्याने चिठ्ठी टाकलेली नाही.” क्लॉड मेरिनकडे न बघता यंत्राच्या पात्याला धार लावायला उठला. “चला, वाजले साडेदहा.”

रात्रीच्या जेवणाला मटणाच्या चॉप होत्या. डुगल मान खाली घालून हाड सोलत होता. मेरिनने सगळा धीर गोळा केला.

“बाबा, परवा सहाला मला तो फोन करायचाय.”

“हं.”

“काय सांगू मी?”

डुगलने काटा ठेवला. सुरी ठेवली. मिठाची बाटली उगीच सरळ केली. मग खुर्ची मागे सारली. “कुत्र्याला बघून येतो जरा,” म्हणाला आणि बाहेर गेला.

“अहो, कुत्रा इथंच आहे की!” नोरीन ओरडली. कुत्रा खरंच त्याच्या खुर्चीखाली होता. त्याने मालकाच्या पाठोपाठ जावं की चॉपजवळ थांबावं याचा थोडा विचार केला आणि तो थांबला.

नोरीन हसली. मेरिनला हसू आलं नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती ताट घेऊन मोरीकडे गेली.

गुरुवारी पहाटे पुन्हा सर येऊन गेली. दोन दोन मेंढ्या कातरून झाल्या आणि पाचच्या पाच चिठ्ठ्या ओल्या निघाल्या. “मग चहा टाका,” फाटकातून आवाज आला. बार्नी पत्ते काढून बसला. दुपारी ऊन पडलं. मेंढ्या वाळायला दिवस लागतो, पण वारुळाची माती दोन तासांत पाणी पिऊन मोकळी होते. मेरिन रॅकेट घेऊन घरामागे गेली आणि एकटीच चेंडू मारायला लागली.

थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. नोरीन येत होती. अंगात स्वयंपाकाचा अ‍ॅप्रन, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, हातात एक जुनी लाकडी रॅकेट.

“आई? हे काय?”

“चौथी,” नोरीन म्हणाली.

“कसली चौथी?”

“संघातली. ग्लेनिसला सकाळीच फोन केला. तू गेलीस तर तुझ्या जागी मी, तू राहिलीस तर मी किटलीपाशी. ती आधी अर्धा मिनिट गप्प बसली, मग म्हणाली चालेल.”

नोरीन हॅरोवेच्या टेनिसचा विषय कूलारात वीस वर्षांनंतरही निघायचा. लग्नानंतर ती एकच हंगाम खेळली होती. तेवढ्यात तिने चहाचे अकरा कप फोडले, ग्लेनिसच्या नवऱ्याच्या डोळ्याखाली काळंनिळं केलं, आणि एकदा तिची सर्व्हिस जाळीपलीकडे जायची वाट बघता बघता पंच घरी जाऊन मेंढ्यांना पाणी पाजून आला, असं अजून सांगतात.

“आई, तुला टेनिस आवडत नाही.”

“मुळीच नाही. पण यादीत चार नावं लागतात. नावापुढं ‘बरी खेळते’ असं काही लिहावं लागत नाही. हरू दर शनिवारी, त्यात काय! चहा तर पिऊ. टाक इकडे.”

मेरिनने हलकेच टाकला. नोरीनने जोरात रॅकेट फिरवली, चेंडू तिच्या मागे गेला. दुसरा बुटाला लागला. तिसरा तिने मारला खरा, तो कोंबड्यांत जाऊन पडला. दहावा हुकला तेव्हा मेरिन हसून हसून जमिनीवर बसली होती, आणि नोरीन मात्र कपाळावरचे केस मागे सारून अकराव्यासाठी तशीच वाकून उभी होती. तिला हुकण्याचं काही वाटतच नव्हतं. मेरिनचं हसू थांबलं आणि ती आईकडे बघत राहिली.

“थांब,” नोरीन म्हणाली. “मला तू हे काय टाकतेयस?”

“सोपे टाकतेय.”

“आणि शनिवारी ग्लेनिसबाईंच्या वयाच्या बायका समोर असतात, त्यांना काय टाकतेस?”

मेरिनने हातातला चेंडू जमिनीवर दोनदा आपटला.

“हेच ना? चार वर्षं मी चहाच्या टेबलामागून बघतेय. तू हात मागं नेतेस, पार मागं, मला वाटतं आता बसणार, आणि मध्येच तुला दया येते. मला टेनिस कळत नाही, पण चॉपला तवा तापलाय की नाही एवढं कळतं. एक मार बघू. पूर्ण जोराने.”

“लागेल तुला.”

“मी खांबामागं उभी राहते. मार.”

मेरिनने चेंडू वर उडवला. गुडघे दुमडले, पाठ ताणली गेली, आणि मध्येच सैल करायची सवय झालेला खांदा तिने या वेळी सैल केला नाही. आवाज शेडपर्यंत गेला. चेंडू लाल मातीवर एक खूण करून उडाला आणि मागच्या तारेच्या जाळीत रुतून बसला.

नोरीन खांबामागून बाहेर आली. जाळीपाशी गेली, बोटाने चेंडू ढकलून बघितला. निघेना.

“अगंबाई,” ती म्हणाली, “मला दिसलासुद्धा नाही!” तिचं तोंड आनंदाने फुललं होतं. “अजून एक मार.”

मेरिनने अजून एक मारला. मग अजून एक. चाळीस-पन्नास मारले असतील. दंड थरथरायला लागला, तळहाताची लोकरीच्या तेलाने मऊ झालेली कातडी अंगठ्यापाशी सोलली गेली, आणि तिला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा कळेना. ब्रिस्बेनला त्या चौथ्या सामन्यात चार-पाच वेळा असंच झालं होतं. समोरचीला दया दाखवायची गरजच नव्हती, ती सगळं परत मारत होती. इथे असं मारायचं कुणावर?

रॅकेट काखेत धरून तिने तळहात फुंकला. “बाबाला नकोय पण.”

“तसं म्हणाला तो?”

“काहीच म्हणत नाही.”

“मग नकोय कशावरून?”

“तूच सांग ना त्याच्या मनात काय आहे.”

“बावीस वर्षांत ते कळलं असतं तर मी जत्रेत भविष्य सांगायला बसले असते,” नोरीन म्हणाली. “चल, पाच जणांचं जेवण करायचंय. त्या चेंडूला राहू दे तिथेच.”

शुक्रवारी कोरडा वारा सुटला. पाच सुक्या निघाल्या आणि सगळे शेवटच्या कळपावर तुटून पडले. दुपारी कुणी थट्टासुद्धा केली नाही. घाम, लोकर, तेल, शेण यांचा वास पत्र्याखाली कोंडला. मेरिनच्या सोललेल्या अंगठ्यावर पट्टी होती, ती दर लोकरीबरोबर सरकायची. साडेपाचला क्लॉडने शेवटची मेंढी सोडली, ती नवीन कोकरासारखी दोन उड्या मारत बाहेर गेली, आणि यंत्रं बंद झाली. इतकी शांतता पडली की कान भरून आल्यासारखं झालं.

बार्नीने आपली शेवटची लोकर स्वतः उचलून टेबलावर फेकली. ती अर्धी टेबलावर पडली, अर्धी त्याच्या डोक्यावर.

“सवय करून घेतोय,” तो लोकरीतून म्हणाला. त्याने पुढे काही विचारलं नाही. मेरिनला एकदम त्याची माया आली.

सहाला पाच मिनिटं कमी असताना ती हात धुऊन स्वयंपाकघरात आली. नोरीन चुलीपाशी होती. तिने भांडं उतरवलं, “मी जरा कपडे काढून आणते,” म्हणाली आणि गेली. वाळत घातलेले कपडे तिने दुपारीच काढले होते.

फोन खिडकीशेजारी भिंतीवर. मेरिनने इंगाबाईच्या नंबराचा कागद काढला. बाबाला न विचारता, त्याला नको असताना, कसं करायचं? फोन उचलता उचलता तिने बाहेर बघितलं.

शेड रिकामं होतं. मेंढ्या लांब गेल्या होत्या. कातरणारे विहिरीच्या पंपावर अंग धूत होते. आज शुक्रवार, रोलर ओढायची वेळ. रोलर कोर्टाच्या कडेला तसाच पडला होता. आणि लाकडी फाटकापाशी डुगल उभा होता. घराकडे पाठ. दोन्ही हात फाटकाच्या वरच्या दांड्यावर, नजर समोरच्या मोकळ्या रानावर, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

मेरिन बघत राहिली. तीन आठवडे. उंबऱ्यावर राहिलेली तेलाची कॅन. खुर्चीखालचा कुत्रा. ज्या माणसाने तिच्यासाठी दोन हिवाळे वारुळं फोडली, त्याला हा विषयच नकोय असं तिला वाटलंच कसं? सगळ्यांत जास्त त्यालाच हवं होतं, किंवा नको होतं, काय ते त्यालाच ठाऊक. म्हणून तर तो तीन आठवडे पाठ करून उभा होता. तिला रडू आलं आणि हसूही आलं.

तिने नंबर फिरवला. पलीकडे तिसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

बोलणं दोन मिनिटांत झालं, त्यात कालचे पन्नास चेंडू आणि काचेच्या कपाटात गेलेले स्कोनही येऊन गेले. इंगाबाईने शेवटी विचारलं, “तळहात कसा आहे?” मेरिन म्हणाली, “सोललाय.” “छान. येताना ते स्कोन आण. आणि या वेळी कुणाला देऊ नकोस.”

मेरिन पायरी उतरून अंगणात आली. चिखल अजून ओला होता, तिच्या पावलांचा आवाज होत होता, तो डुगलला ऐकू जात असणार. पण तो वळला नाही. ती त्याच्या मागे चार पावलांवर थांबली.

“काय निघालं?” त्याने समोर बघत विचारलं.

“सुक्या,” मेरिन म्हणाली.

डुगलने टोपी काढली, परत घातली. घसा खाकरला, तो एकदा पुरला नाही म्हणून दुसऱ्यांदा खाकरला. पंपावरचे पाचही जण अंगाला साबण लावलेले तसेच थांबून इकडे बघत होते.

“मग लाग कामाला,” तो म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला होता. मग तो वळला.